पडद्यावरचे चौदा मजले

२३ ऑगस्ट १९५९ रोजी मद्रासच्या माउंट रोडवर आयुर्विमा महामंडळाच्या इमारतीचे उद्घाटन झाले आणि ती त्या काळी देशातील सर्वांत उंच इमारत ठरली. पुढे जे लिहिते आहे त्यात इतकी पक्की गोष्ट क्वचितच सापडेल. बाकीचे मी चार माणसांच्या तोंडून ऐकले, एका कापडी पडद्यावर मोजले आणि एका जुन्या फोटोत भिंगाखाली पाहिले. त्यातील कशावर किती विश्वास ठेवायचा, हे मला अजून पूर्णपणे ठरवता आलेले नाही.

ज्यांच्याविषयी लिहायचे ते नजीर पेंटर नांदेडला देगलूर नाक्यामागच्या गल्लीत राहतात. शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९४४, आधार कार्डावर १९४६. त्यांना विचारले तर म्हणतात, "पोलीस ॲक्शन झाली तवा मी अम्मीच्या कडेवर होतो," म्हणजे १९४८ साली. पन्नास वर्षे त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. नांदेडच्या बाजारात एकेकाळी निम्मी नावे त्यांच्या हातची होती, असे जुने लोक सांगतात. हे तपासण्याचा उपाय नाही, कारण त्यांपैकी एकही पाटी आज जागेवर नाही. सगळीकडे फ्लेक्स आला.

गेल्या वर्षी लातूरला जुन्या फोटो स्टुडिओंतील वस्तूंचे एक छोटे संग्रहालय उभे राहत होते. प्रत्येक वस्तूखाली चार ओळींची नोंद लावायची होती: वस्तू कोणती, कुणाकडून मिळाली, केव्हाची, कुणी केली. ते काम माझ्याकडे होते. एकतिसाव्या क्रमांकावर स्टुडिओत माणसांच्या पाठीमागे टांगायचा रंगवलेला पडदा होता. तो दिला अनसने. त्याचे लातूरला फ्लेक्स छपाईचे दुकान आहे, आणि त्याचे आजोबा मुज्तबा यांचा नांदेडला स्टुडिओ होता. अनसने अर्जात 'चित्रकार' या रकान्यापुढे आजोबांचे नाव लिहिले होते. मी ते पेन्सिलने उतरवून घेतले. शाईने लिहिण्याजोगा पुरावा नव्हता.

पडदा पहिल्यांदा उलगडला तो अनसच्या दुकानाच्या गच्चीवर. आम्ही दोघांनी मिळून तो पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत पसरला. निळे आकाश वर जाता जाता पांढरट झाले होते, आणि त्यात मद्रासची ती इमारत उभी होती. स्टुडिओच्या पडद्यांवर मी ताजमहाल पाहिले आहेत, काश्मीरची तळी पाहिली आहेत, बागेतील कारंजी पाहिली आहेत. त्या चित्रांत वस्तू नेहमी मधोमध असते आणि माणसाला कुशीत घेते. इथे इमारत एका बाजूला सरकवलेली होती. घुमट नाही, कमान नाही, नक्षी नाही. एक सरळ, पातळ, उंच पेटी आणि तिच्यावर खिडक्यांच्या ओळी. त्या ओळी दुरून पट्टीने आखल्यासारख्या वाटत. जवळ गेल्यावर पट्टीची खूण कुठेच दिसेना. हातानेच ओढल्या होत्या. वरच्या मजल्यांच्या काचांत आकाशाचा रंग होता, खालच्या मजल्यांच्या काचांत धुळीचा. ज्याने हे काढले त्याला ती इमारत मनापासून आवडली होती, एवढे मला मान्य करावे लागले.

मग मी मजले मोजले. बारा भरले.

"बाराच आहेत," मी म्हणाले. "लोक तिला चौदा मजली म्हणतात."

"म्हनू द्या की, मॅडम," अनस म्हणाला. आजोबांना तो दादा म्हणे. "दादानं दोन कमी काढले तर कोन केस करतंय?"

संग्रहालयाची बातमी पेपरात आली, आणि उघडायला सतरा दिवस उरले असताना मला फोन आला. समोरचा आवाज म्हातारा होता आणि त्याला नमस्कार-चमत्काराची गरज वाटत नव्हती.

"तो मद्रासचा पडदा माझा हाय. नजीर पेंटर बोलतो, नांदेडवरनं. त्याच्याखाली माझं नाव लिवा, न्हाईतर कुनाचंच लिवू नका."

मी नांदेडला गेले. प्रसिद्धीला येऊ घातलेल्या वस्तूवर उशिरा हक्क सांगणारी माणसे संग्रहालयांना नवीन नाहीत, आणि मी तो संशय मनात ठेवूनच गेले. पुढच्या खोलीत नजीरचाचा खाटेवर बसले होते. त्यांच्या पत्नी आबेदाबी दारात लसूण सोलत होत्या. मी वही उघडली आणि आधी तारखा विचारल्या.

"पडदा सदुसष्ट साली काढला," चाचा म्हणाले. "सहासष्टला मी मद्रासला गेलतो. तीन दिवस त्या बिल्डिंगच्या समोर बसलो. मजले मोजले. चौदा."

"हे हैदराबादच्या पुढं कधीच गेले न्हाईत," आबेदाबी लसणावरची नजर न उचलता म्हणाल्या. "लिवून घे, बेटी."

"तुझं लगीन कवा झालं?"

"सत्तरला."

"मग सहासष्टचं तुला काय ठाऊक?"

"तुमच्या अम्मीला ठाऊक होतं. त्या म्हनायच्या, माझा नजीर पूर्णेला गेला तरी दुसऱ्या गाडीनं परत येतो."

आबेदाबींची साक्ष १९७० नंतरच्या काळापुरतीच ग्राह्य आहे, अशी नोंद मी वहीत केली. तिकीट, पत्र, सोबतचा माणूस यांपैकी काही आहे का, असे चाचांना विचारले. काही नव्हते.

"मद्रासच का? हैदराबादचा चारमिनार जवळ होता."

"चारमिनार समद्यांनी पाहिलेला. ताजमहालापुढं समदे फोटो काढायचे. आता ताजमहाल काय? बायको मेल्यावर बांधला. ही बिल्डिंग विम्यावाल्यांची. बायकोची सोय आधीच करून ठेवनाऱ्यांची!"

"तुम्ही तरी कुठं केली?" दारातून प्रश्न आला.

चाचा हसले. मग हात गुडघ्यांवर ठेवून, बऱ्याच दिवसांनी कुणीतरी विचारल्यासारखे सावकाश बोलू लागले. "बेटी, मी पाट्या रंगवनारा मानूस. सरळ रेघ काय असती ते मला ठाऊक. एक फूट सरळ रेघ ओढताना श्वास रोखावा लागतो. त्या बिल्डिंगवर जमिनीपासून आभाळापर्यंत रेघा, अन् एक बी वाकडी न्हाई. मी म्हनलं, ज्यानं ही बांधली त्यानं किती दिवस श्वास रोखून धरला असंल?"

हे वाक्य मी उतरवून घेतले, आणि त्याखाली लिहिले: पुरावा नव्हे.

शेवटी मी तो प्रश्न विचारला. "चौदा मोजले म्हणता, पण पडद्यावर बाराच आहेत."

चाचांचा चेहरा उतरला नाही. उलट ते पुढे झुकले. "म्हंजे कापला! दोन मजले खाली होते. जमिनीवर."

मग त्यांनी जे सांगितले ते असे. स्टुडिओचा पडदा छतालगतच्या दांड्यावरून खाली सोडतात आणि त्याचा तळचा तीन-चार फूट भाग जमिनीवर पुढे पसरतात, म्हणजे फोटोत भिंत आणि जमीन यांची सांधरेघ दिसत नाही. पडदे रंगवणारे तेवढ्या भागावर फरशी किंवा गवत काढून ठेवतात. नजीरना हे माहीत नव्हते. त्यांचा हा पहिलाच पडदा होता आणि हात पाट्यांचा होता. पाटीची कड म्हणजे कड. तिथपर्यंत भरून रंगवायचे. त्यांनी चौदाच्या चौदा मजले कापडाच्या टोकापर्यंत काढले. पडदा टांगला तेव्हा वरचे बारा मजले भिंतीवर राहिले आणि खालचे दोन जमिनीवर येऊन पसरले.

"मुज्तबाभाई बघतच राहिले," चाचा म्हणाले. "म्हनले, अरे नजीर, गिऱ्हाइकाला बिल्डिंगवर उभं करतो का? मग त्यांनीच हसून सोडून दिलं. तीस वरसं नांदेडचे लोक दुसऱ्या मजल्यावर उभं राहून फोटो काढून राहिले. अन् पाटीखाली जशी सही करतो, तशी उजव्या कोपऱ्यात मी सही केलेली. नागरीत. ती बी खालीच गेली. बायका नेमक्या तिथंच उभ्या राहायच्या, मरद खुर्चीवर."

"म्हणजे सही दाखवणारा एकही फोटो नसणार."

"एक बाई होती. एकाहत्तर-बाहत्तरला. मी त्या दिवशी पडद्याची कड चिकटवायला गेलतो. ती म्हने, अक्षरावर पाय ठेवनार न्हाई. मुज्तबाभाई तापले. ती हललीच न्हाई."

"कोण होती? कुठल्या गावची?"

"काय ठाऊक. डोक्यावर पदर होता अन् लई जिद्दी होती."

परतीच्या बसमध्ये मला वाटले, ही गोष्ट जरा जास्तच जुळून येते आहे. चूक आहे, ती झाकणारी जमीन आहे, सही आहे, ती झाकणाऱ्या बायका आहेत, आणि एकच साक्षीदार आहे जिचा पत्ता नाही. निघताना चाचा जे म्हणाले ते मात्र वेगळे होते. दारापर्यंत येऊन त्यांनी आवाज खाली केला. "बेटी, मी दुनियेची नावं लिवली. माझं नाव कुठंच न्हाई राहिलं. मी गेल्यावर दाखवायला आबेदाजवळ काय हाय? ब्रश." हे खरे असले तरी त्याने दावा सिद्ध होत नाही, असे मी स्वतःला दोनदा बजावले.

दुसऱ्या दिवशी पडदा पुन्हा तपासला. वरची कड हाताने शिवलेली, पांढरा जाड दोरा. खालची कड मशीनवर शिवलेली, निळा दोरा. शिवण एके ठिकाणी उसवून पाहिली; आत दुमडलेल्या कापडावर एका खिडकीचा वरचा काठ होता. पडदा खालून कापला गेला होता, यात शंका उरली नाही. मात्र चित्र कुणाचे, हे त्यावरून ठरत नव्हते.

आमच्या संग्रहासाठी लोकांनी पाठवलेल्या फोटोंत या पडद्यापुढचे सात फोटो होते. सहा फोटोंत उजव्या कोपऱ्यात कुणाचा ना कुणाचा साडीचा घोळ होता. सातवा मी आधी 'सदोष' म्हणून बाजूला टाकला होता. त्यात खुर्चीवर बसलेला तरुण व्यवस्थित आहे, पण शेजारची तरुणी उजवीकडे नसून डावीकडे, चौकटीच्या पार कडेला आहे. तिचा कोपर फोटोबाहेर गेला आहे. मागे शिक्का आणि तारीख: १४ ऑक्टोबर १९७१. पाठवणारी दिपाली, हिमायतनगर. फोटोतली बाई तिची आजी सरजाबाई.

मी दिपालीला फोन केला. फोटोविषयी आजींशी बोलायचे आहे, इतकेच सांगितले. नजीर, सही, पडदा यांचा उल्लेख जाणूनबुजून केला नाही. त्यांच्या घरात कुणी नांदेडच्या पेंटरला ओळखते का, हेही आडवळणाने विचारून घेतले. कुणी ओळखत नव्हते.

हिमायतनगरला सरजाबाईंच्या बैठकीत बाबासाहेबांचा फोटो होता, आणि त्याच्या शेजारच्या चौकटीत दिपालीची पदवी. सरजाबाईंनी माझ्या हातातला फोटो पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"ह्यो? अगं माय, ह्यो बिघडलेला फोटू! तीस वरसं टोमनं खाल्लं म्या ह्याच्यापायी. दिपालीचं आजोबा म्हनायचं, मी मद्रासला गेलो अन् बायको वाटंतच उतरली."

साहेबराव, म्हणजे दिपालीचे आजोबा, शाळेत शिपाई होते. ते आता नाहीत. त्या दिवशी दोघे धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनासाठी नांदेडला गेले होते. सभा आटोपल्यावर साहेबरावांनी हट्टाने फोटो काढला आणि पुढे गावभर सांगितले की मद्रास पाहून आलो.

"लोकांचा विश्वास बसला?"

"बसंना तर काय? एवढी मोठी बिल्डिंग मागं उभी! एकानं इचारलं, मद्रासला काय खाल्लं? तर हे म्हनले, भजे."

मी विचारले, "तुम्ही अशा कडेला का उभ्या आहात?"

"फोटूवाला म्हनला, हितं उभी ऱ्हा. म्या खाली बघितलं, तर अक्षरं. मला तवा वाचता येत न्हवतं, पर अक्षर हाय एवढं कळत व्हतं. आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तर बाप कान धरायला लावायचा. म्या म्हनलं, न्हाई. तो म्हनला, बाई, कापड हाय ते. म्या म्हनलं, कापड असंल, वर अक्षर हाय. दिपालीचं आजोबा खुर्चीवरनं डोळं वटारून ऱ्हायले. म्या गेले दुसऱ्या बाजूला."

मी फोटो खाली ठेवला आणि शक्य तितक्या सहजपणे विचारले, "पुढे वाचायला शिकलात का?"

"साक्षरता वर्गात. नव्वदच्या पुढं. पहिल्यांदा ह्योच फोटू काढला अन् सुनंच्या चष्म्यानं बघितला. म्हनलं, बघू तरी, कशासाठी एवढं टोमनं खाल्लं."

"काय लिहिलं होतं?"

"नजीर." त्या सहज म्हणाल्या. "खाली डाव्या अंगाला काहीतरी हाय, पर ते खुर्चीच्या पायामागं गेलंय. मला वाटलं, फोटूवाल्याचंच नाव असंल."

फोटूवाल्याचे नाव मुज्तबा होते. ते मी त्यांना सांगितले नाही.

मूळ फोटो मोठा करून पाहिला तेव्हा तीन अक्षरे निर्विवाद दिसली. पाटीवर असतात तशी, जाडीला सारखी, शिरोरेघ किंचित वर चढवलेली. खालच्या ओळीत, डावीकडे सरकवलेला दुसरा शब्द, आणि त्यावर खुर्चीचा पाय. त्या अक्षरांखालून जमिनीवर पसरलेल्या खिडक्यांच्या दोन ओळी स्पष्ट दिसत होत्या. साहेबराव खरोखरच दुसऱ्या मजल्यावर बसलेले होते.

हे सगळे मी अनसपुढे ठेवले. त्याने चित्र संगणकावर मोठे केले, लहान केले, पुन्हा मोठे केले. धंद्याचा माणूस, अक्षर कसे बसते ते त्याला कळते.

"पाटीवाल्याचाच हात हाय," तो शेवटी म्हणाला. "पर मॅडम, खुर्चीच्या पायाखाली दादांचं नाव असंल तर? नजीर, मुज्तबा. दोघांचं?"

"असू शकेल. चाचा म्हणतात, तिथं 'नांदेड' होतं."

"चाचा काय बी म्हनतील."

"तुम्हीही."

तो हसला. खालची कड कुणी कापली, असे मी विचारले. पडदा लातूरला आला तेव्हा तसाच होता, असे तो म्हणाला. लोकांच्या चपलांनी झिजला म्हणून कापला असेल. चाचांच्या मते त्यांचे आणि मुज्तबांचे पुढे भांडण झाले आणि त्या रागात सही कापली गेली. झिजलेले कापड म्हणून कापले असेल, तर दुमडीतला रंग इतका ताजा का? रागाने कापले असेल, तर कड इतक्या निगुतीने का शिवली? मला दोन्ही उत्तरे अर्धीच वाटली. अनसने मात्र अर्जातले आजोबांचे नाव स्वतःच्या हाताने खोडले आणि तो मान वर न करता म्हणाला, "दादांनी पडदा संभाळला, एवढं तरी लिवा."

तेही लिहिले.

उद्घाटनाच्या दिवशी नजीरचाचा आणि आबेदाबी एसटीने लातूरला आले. चाचांनी पांढरा कुडता घातला होता. ते पडद्यापुढे उभे राहिले, आणि बोटाने हवेत वरून खाली मजले मोजत आले. बाराव्याला बोट थांबले.

"दोन कमी हायेत. ते बी लिवलं का?"

मी नोंद वाचून दाखवली. 'स्टुडिओचा पडदा. मद्रास येथील आयुर्विमा इमारत. चित्रकार: नजीर, नांदेड, १९७१ च्या छायाचित्रात दिसणाऱ्या सहीवरून. मूळ चौदा मजले. खालचे दोन कापलेले. जतन: मुज्तबा यांचे कुटुंब.'

त्यांनी ती स्वतः पुन्हा वाचली. खूप वेळ वाचली. आबेदाबींनी विचारले, "खूश?"

"नाव बरोबर हाय," ते म्हणाले. "अक्षर बेकार. मशीनचं हाय."

"माझ्याच मशीनचं हाय, चाचा," मागून अनस म्हणाला.

"म्हनूनच म्हनलं. बोर्ड दे. मी लिवून देतो."

आबेदाबींनी त्यांना दंडाला धरून बाकावर बसवले आणि त्या माझ्याकडे वळल्या. "हात कापून राहिले यांचे. तरी लिवतील. अन् बेटी, ते मद्रासचं तू लिवलं न्हाईस ना?"

मी ते नोंदीत लिहिलेले नाही. इथे लिहिते. १९६६ साली नजीर मद्रासला गेले होते की नाही, हे माहीत नाही. चौदा हा आकडा त्यांनी मोजला असेल किंवा ऐकला असेल. तो तेव्हा अनेकांच्या तोंडी होता. पडद्याची खालची पट्टी कुणी, केव्हा आणि कशासाठी कापली, हे माहीत नाही. ती पट्टी आज कुठे आहे किंवा शिल्लक आहे का, हेही माहीत नाही. खुर्चीच्या पायामागे 'नांदेड' आहे, 'मुज्तबा' आहे की आणखी काही, हे त्या एका फोटोवरून सांगता येत नाही, आणि त्या कोपऱ्यावर उभे राहायला नकार देणाऱ्या दुसऱ्या कुणाचा फोटो अद्याप मिळालेला नाही.